पाणक्याची बहीण

२ सप्टेंबर

आले एकदाची. बॅगेचं एक चाक स्टेशनच्या पायऱ्यांवरच निखळलं, त्यामुळे कुशीवर कललेली बॅग खरखरत ओढत आणि अख्ख्या गल्लीला जागं करत मी नव्या गावात शिरले. घरमालकीणबाई दारातच उभ्या होत्या. ऐंशी ओलांडलेल्या, हातात काठी, पण नजर अशी की त्यांना वजनात मारायची कुणा भाजीवाल्याची हिंमत होणार नाही. त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाल्या की फोनवर माझा आवाज जाडा येतो, म्हणून त्यांना वाटलं होतं बाई अंगापिंडाने चांगली भरलेली असेल. मला हसू फुटलं. मी त्यांना आजी म्हणायचं ठरवलं. त्यांनी काही न ठरवताच मला बाळ म्हणायला सुरुवात केली होती.

वरच्या दोन खोल्या माझ्या. खिडकीतून धक्का दिसतो आणि धक्क्यावरचं जुनं गोदाम दिसतं. माझं काम त्याच गोदामात आहे. युद्ध संपता संपता इथल्या पलटणीला घरी परत आणणारं एक जहाज बंदराच्या तोंडाशी पाणसुरुंगावर आदळून बुडालं. भर दुपारी, धक्क्यावर घ्यायला जमलेल्या बायकापोरांच्या डोळ्यांदेखत. गोदामात आता त्या माणसांचं स्मारक-दालन उभं राहतंय. गेलेल्या प्रत्येकाची भिंतीवर एक पाटी असेल, आणि पाटीवरचा मजकूर मी लिहायचा.

हे आजींना कौतुकाने सांगायला गेले, तर त्यांचेच वडील त्या जहाजावर हवालदार होते. त्या दिवशी आजी आईच्या कडेवर होत्या. आईने दुखेल इतकं घट्ट धरलं होतं, तेवढंच आठवतं म्हणाल्या. मग बिस्किटांची बशी माझ्यापुढे सरकवून त्याच सुरात त्यांनी सांगितलं की वरच्या नळाला पाणी चढत नाही, पिण्याचं पाणी रोज खालून भरून न्यावं लागेल.

मला इथे आवडणार आहे.

५ सप्टेंबर

दालनाच्या प्रमुखांना सगळे साहेब म्हणतात. माणूस गोड आहे, फक्त बोलायला लागला की त्याला थांबा नाही. त्यांचा एक नियम मात्र मला फार आवडला. पाटीवरचा मजकूर त्या माणसाच्या घरच्या कोणीतरी वाचून सही केल्याशिवाय भिंतीवर जायचा नाही. ज्याच्या मागे कोणीच उरलेलं नाही, त्याला इथल्या नोकरांपैकी एकाने आपलं म्हणायचं. नुसतं तोंडाने नाही, रीतसर. नातं जाहीर करायचं, सही करायची, आणि मग त्याच्या वतीने बोलायचा हक्क आणि जबाबदारी आपली. बिनवारस कोणी भिंतीवर जाणार नाही, असं साहेब छाती काढून सांगतात.

त्यामुळे कचेरीत भलतीच नाती तयार झाली आहेत. वायरमन दोघांचा पुतण्या आहे. वॉचमनची मुलगी लग्नाची आहे, म्हणून तो एका सुभेदाराचा व्याही झाला आहे आणि बाकीचे त्याला देण्याघेण्याचं ठरलं का असं विचारून हैराण करतात.

एकच उरला होता. पलटणीतला पाणक्या. जहाजाच्या अगदी खालच्या मजल्यावर जवानांना पिण्याचं पाणी नेऊन द्यायचं त्याचं काम. पोरकं पोर, पलटणीच्या मागे मागे फिरतच मोठं झालेलं. त्याचा फोटो नाही, गाव माहीत नाही, सगळे पाणक्याच म्हणायचे. मी म्हटलं हा माझा भाऊ. वर हेही बजावलं की मी मोठी बहीण, म्हणजे जरा मान मिळेल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी एकुलती एक. संध्याकाळी आईला फोन करून सांगितलं की तुला मुलगा झाला. ती म्हणाली, या वयात? बराच वेळ हसत होतो.

९ सप्टेंबर

खालून पाणी आणायचा मला मनस्वी कंटाळा. काल तर आणलंच नव्हतं. सकाळी उठून बघते तर पिंप काठोकाठ भरलेलं, वर झाकण नीट बसवलेलं. आजींना जाऊन रागावले की गुडघे दुखत असताना कशाला जिना चढलात. त्या म्हणाल्या, वर चढून त्यांना वर्ष होऊन गेलं, आणि माझं पाणी भरायला त्यांना काय वेड लागलंय?

मग वॉचमन असेल. तो सकाळी इथूनच जातो आणि भला माणूस आहे. पाणी छान गार आणि गोड होतं.

१२ सप्टेंबर

वॉचमनने कानावर हात ठेवले. आजही पिंप भरलेलं. वायरमन म्हणाला, भाऊ भरत असेल. आम्ही सगळे हसलो. आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटली नाही, लाड झाल्यासारखं वाटलं. आयुष्यात माझ्यासाठी आईशिवाय कुणी पाणी भरून ठेवलेलं नाही.

काम जोरात चाललं आहे. नातेवाईक येतात, रडतात, मजकुरातलं एखादं विशेषण वाढवून मागतात. आजींच्या वडिलांची पाटी मी शेवटी लिहायची ठेवली आहे. ती मनापासून लिहायची आहे.

१४ सप्टेंबर

खालच्या मजल्यावरून जिवंत बाहेर आलेल्यांपैकी एकाचे चिरंजीव याच गावात आहेत. दातांचे निवृत्त डॉक्टर. त्यांचं बोलणं निम्मं सोडून द्यायचं, असं मला कचेरीत आधीच बजावलं होतं, कारण यांनी काढलेली प्रत्येक दाढ गावातली सर्वांत मोठी दाढ असते. मी बसायच्या आतच त्यांनी माझे दात बघितले आणि लाज वाटायला हवी म्हणाले.

पण वडिलांची हकिकत सांगायला लागले तेव्हा त्यांचा आवाज बदलला.

खालच्या मजल्यावरून वर यायला एक लोखंडी जिना आणि जिन्याच्या तोंडाशी एक लोखंडी दार. सुरुंग लागल्यावर खाली काळोख झाला आणि पाणी शिरलं. दार लावून घ्या, म्हणजे बाकीचं जहाज थोडा वेळ तरंगेल, असा वरून हुकूम सुटला. तो बजावायला दाराशी हवालदार उभा होता. पाणक्या दिवसभर त्याच जिन्याने खालीवर करायचा, त्याला अंधारातही वाट ठाऊक. त्याने हाका मारून माणसं जिन्यापर्यंत आणली आणि मग दाराला पाठ लावून, समोरच्या चौकटीला पाय रोवून उभा राहिला. दार लागू देईना. माणसं त्याच्या हाताखालून वाकून बाहेर पडत होती. डॉक्टरांचे वडील शेवटचे. त्यांनी मागे वळून बघितलं तेव्हा हवालदाराने पाणक्याच्या पायांवर लाथ मारली, तो खाली गेला, आणि हवालदाराने दार लावलं. आतून धक्के बसत होते. हवालदार होडीकडे गेलाच नाही. कानांवर हात दाबून तिथेच दाराला टेकून बसला.

मी विचारलं, कोणता हवालदार. त्यांनी खिडकीतून ज्या घराकडे बोट दाखवलं, तिथे मी राहते.

म्हातारीला ते हे कधी बोलले नाहीत. तिच्या बापाचं वाईट लिहा असंही त्यांचं म्हणणं नाही. निघताना फक्त एवढं म्हणाले, "त्या पोराची पाटी नीट लागू दे. तेवढं बघा."

मी होय म्हटलं. तोंड भरून होय म्हटलं.

१८ सप्टेंबर

आज जे झालं ते लिहायचं नव्हतं. पण लिहिलं नाही तर उद्या मीच स्वतःला काहीतरी वेगळं सांगेन.

दुपारी आजींबरोबर मटार सोलत बसले होते. मधेच त्यांचे हात थांबले. म्हणाल्या, शाळेत मुली त्यांना चिडवायच्या, तुझ्या बापाने दार लावलं. त्यांनी घरी येऊन आईला विचारलं. आई काही बोलली नाही. मरेपर्यंत बोलली नाही. मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "बाळ, तू आता सगळ्यांना भेटलीस. दार कोणी लावलं गं? माझ्या बाबांनी नाही ना?"

 त्यांचे डोळे बघवत नव्हते. मी म्हटलं, "नाही, आजी. पाणक्याने."

माहीत नाही म्हणता आलं असतं. नुसतं नाही म्हणूनही भागलं असतं. तो पुढचा शब्द का बाहेर पडला, याचा मी दुपारपासून विचार करते आहे. दोष एकाच्या डोक्यावरून काढला की दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवावा लागतो, आणि ज्याच्या बाजूने बोलायला कोणी येणार नाही असं एकच डोकं माझ्या हाताशी होतं. माझ्याशिवाय त्याचं होतंच कोण.

आजी रडल्या. माझा हात हातात घेऊन पापे घेतले. मी मान खाली घालून मटार सोलत राहिले.

१९ सप्टेंबर

पिंप भरलेलं होतं. मी ते पाणी प्यायले नाही. तोंड धुतलं आणि बाहेर चहा घेतला.

२१ सप्टेंबर

प्रकरण हाताबाहेर गेलं. आजींनी गल्लीभर सांगितलं. त्यांचा चेहरा दहा वर्षांनी लहान झाला आहे. काठी न घेताच त्या दुकानापर्यंत जाऊन आल्या, आणि तिथून गोष्ट साहेबांपर्यंत पोहोचली, तोवर हवालदाराने दार धरून ठेवलं होतं हेही तिला चिकटलं होतं. साहेबांना तर हर्षवायूच झाला. गोदामाच्या तळघरात त्यांनी जहाजाचा खालचा मजला उभारला आहे, काळोख, लोखंडी जिना आणि वर मोडीत काढलेल्या खऱ्या जहाजाचं दार. दार इतकं जड की खाली पाचर ठोकली नाही तर आपल्याच वजनाने लागतं. भरतीला तळघरात समुद्राचं पाणी झिरपतं, त्यासाठी पंप सतत चालू असतो. साहेबांना आता त्या दाराशीच मोठी पाटी हवी आहे. धीर न सोडता दार धरून ठेवणारा हवालदार आणि घाबरून ते लावून घेणारा पाणक्या. माणसाची दोन रूपं, म्हणाले.

दुपारी दातांचे डॉक्टर कचेरीत आले. छत्री टेबलावर आपटून त्यांनी साहेबांना वडिलांची हकिकत सांगितली. साहेबांनी मला बोलावून विचारलं की डॉक्टर म्हणतात ते खरं का. मी म्हटलं, डॉक्टरांनी हकिकत सांगितली हे खरं, पण ऐकीव आहे, आणि डॉक्टरांची सांगायची पद्धत तर सगळ्यांना माहीतच आहे. सगळे हसले. मीसुद्धा हसले.

डॉक्टर हसले नाहीत.  छत्री विसरून गेले, ती परत द्यायला जायची माझी हिंमत नाही.

२२ सप्टेंबर

मजकूर लिहिला. चांगला झाला आहे, हेच वाईट.

साहेबांनी नियमाप्रमाणे विचारलं की पाणक्याच्या घरच्यांची हरकत नाही ना. मग त्यांनाच आठवलं आणि हसून त्यांनी पेन माझ्यापुढे केलं. बहीण म्हणून मी सही केली.

हे असं भावाबरोबर कुणी करत नाही. परक्याबरोबरही करत नाहीत.

२३ सप्टेंबर

पिंप काठोकाठ भरलेलं. तहान लागली होती, न बघता भांडंभर घशात ओतलं आणि तसंच मोरीत ओकले. खारट. समुद्राचं.

२५ सप्टेंबर

आता दारं.

माझ्या खोलीचं दार मी आतून कडी घालून झोपते. सकाळी सताड उघडं असतं. काल कडीच्या जोडीला खुर्ची लावली. आज खुर्ची भिंतीशी नीट ठेवलेली आणि दार उघडं. दाराच्या फळीवर खांद्यापासून कमरेपर्यंत ओल आहे. आधी म्हटलं भिंतीचं पाणी झिरपलं असेल. मी त्या ओलीला पाठ लावून बघितली. बरोब्बर पाठीएवढी आहे.

चौकटीवर समोर, खाली, टाचांचे दोन ओले डाग.

२७ सप्टेंबर

कचेरीतही. कागदपत्रांच्या खोलीला स्प्रिंगचं दार आहे, सोडलं की थाडकन लागतं. आज भर दुपारी मी आत होते आणि दार उघडंच राहिलं. वायरमनने येऊन स्प्रिंग बघितली. ठीक आहे म्हणाला. त्याने हाताने ओढलं तरी दार हलेना. तो हसत म्हणाला, पलीकडून कोणीतरी रेटतंय. मी पण हसायला गेले, पण घशातून भलताच आवाज निघाला.

आईचा फोन आला होता. भाऊ कसा आहे विचारत होती. मी फोन ठेवून दिला.

२९ सप्टेंबर

दिसला.

दुपारचं लख्ख ऊन. मी पाटीची मुद्रितं घेऊन कागदपत्रांच्या खोलीतून निघाले आणि तो दारात होता. दाराला पाठ, चौकटीला पाय. सदरा अंगाला चिकटलेला, त्यातून पाणी गळतंय. वय फार तर वीस. माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या खांद्यावरून मागे, खोलीत बघत होता. अजून कोण यायचं राहिलंय, तसं.

मी तिथेच खाली बसले. डोळे उघडले तेव्हा दार लागलेलं होतं आणि वॉचमन पाणी मारत होता माझ्या तोंडावर. पाणी, पाणी. मी किंचाळले. सगळ्यांना वाटलं कामाचा ताण.

१ ऑक्टोबर

तो मला मारायला आलाय. दुसरं कशाला येईल. माझं नाव बहीण म्हणून लागलंय आणि मी त्याला विकलं.

सगळ्या दारांच्या कड्या बदलून घेतल्या. आजी म्हणाल्या, या गावात चोर नाहीत गं बाळ. त्या रोज मला काहीतरी खायला घालतात. डोक्यावरून हात फिरवतात. तो हात मला भाजतो.

३ ऑक्टोबर

डॉक्टरांच्या घरापर्यंत गेले. छत्री घेऊन. सांगायचं होतं की मी खोटं बोलले, तुम्ही साहेबांकडे चला, मी कबूल करते. फाटकाला हात लावला. आत ते झाडांना पाणी घालत होते. मला त्यांनी बघितलं.

परत आले. छत्री फाटकाला अडकवून.

उद्घाटन आठ तारखेला. त्याआधी सांगेन. नक्की.

६ ऑक्टोबर

 लिहिते.

आज रंगीत तालीम होती. साहेब वर माइकशी. आजींना बाबा कुठे उभे होते ते बघायचं होतं, लोक यायच्या आधी, एकट्याने. मी त्यांना धरून तळघरात नेलं. त्या जिन्याच्या पायथ्याशी उभ्या राहून वर दाराकडे बघत होत्या, लग्नात मुलीकडे बघावं तसं. मी म्हटलं आत्ता. आत्ता सांगते. आजी, म्हटलं, आणि पायांना गार लागलं.

पंप बंद पडला होता. भरती होती. पाणी घोट्याला आलं, मग गुडघ्याला, इतकं भरभर की — आणि दिवे गेले. वर दार उघडं, तिथून फक्त उजेडाची पट्टी. मी म्हटलं आजी चला, मी पुढे होऊन दार धरते. पाचर निसटली तर दार लागेल म्हणून. खरंच त्यासाठीच पुढे गेले. आधी खरंच त्यासाठीच.

दार आधीच धरलेलं होतं.

पाचर निसटून खाली पाण्यात पडली होती आणि तो दाराला पाठ लावून, पाय रोवून उभा होता. मी त्याच्या हाताखालून वाकून बाहेर पडले. इतक्या जवळून. त्याने माझ्याकडे पहिल्यांदा बघितलं. रागाने नाही. दमलेला होता. म्हणाला, "ताई, त्यांना येऊ दे."

आजी वरून चौथ्या पायरीवर होत्या. काठी सुटली होती, कठड्याला धरून येत होत्या. अजून चार पायऱ्या.

मी त्याच्या पायांवर लाथ मारली.

माझ्यामागे तो बाहेर येऊ नये म्हणून. तेवढंच डोक्यात होतं. दार लागलं. लागताना आजींचा चेहरा दिसला आणि मग दिसला नाही. मग मला कळलं. मी कडी ओढली, ती जाम. मी ओरडत होते. आतून धक्के बसत होते, म्हाताऱ्या हातांचे, हलके —

मी कानांवर हात दाबले.

७ ऑक्टोबर

वायरमनने कडी तोडली. आजी पाण्याच्या वर होत्या. कोणीतरी उचलून धरल्यासारख्या, पाठ भिंतीला, डोकं छताला लागलेलं. जिवंत.

दवाखान्यात गेले. छाती भरली आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडाच वेळ बोला. आजींनी माझा हात शोधला. ओठ हलले. मी कान लावला.

"बाळ, दार तू नाही ना लावलंस?"

त्यांनी बघितलं होतं. बघूनही विचारत होत्या. मी नाही म्हणावं म्हणून विचारत होत्या.

मी म्हटलं नाही.

त्या वाट बघत राहिल्या. मग कोणी, असं विचारलंसुद्धा नाही. मीच — तोच शब्द — पुन्हा —

त्यांनी मान हलवली. डोळे मिटले.

वॉर्डाचं दार उघडं होतं. पाठीएवढी ओल.

८ ऑक्टोबर

आजी पहाटे गेल्या.

उद्घाटन पुढे ढकललं. खाली सगळे जमलेत. साहेब, वायरमन, वॉचमन, गल्ली. दातांचे डॉक्टरही आलेत, आवाज ओळखला. साहेब सांगतायत, दार आपल्याच वजनाने लागलं. मला वर एकटीला बसू दिलंय. बिचारी, म्हणतात. फार जीव होता म्हणतात.

पिंप ओसंडतंय. थांबत नाही. खोलीत घोटाभर पाणी. खारट. गादी भिजली. पाणी दारातून बाहेर जात नाही, जिन्यावरून उतरत नाही. इथेच चढतंय —

तो दारात आहे.

आता ओळखते मी. कधीच लावलं नाही त्याने कुठलं दार. एवढे दिवस. कुलूप, कडी, खुर्ची, सगळं काढून नुसतं धरून ठेवत होता. मी बाहेर पडावं म्हणून. पाणीही भरत होता. खारट झालं, कारण मी सही केल्यावर त्याच्याकडे तेवढंच उरलं असेल.

हाक मारली त्याने. ताई. अजून ताईच म्हणतो.

लाज वाटते. भीती नाही, आता नाही. ही लाज गळ्यापर्यंत —

गुडघ्याच्या वर आलं. वही उंच धरली आहे.

त्याचे पाय कापतायत. चौकटीवरून टाच घसरते, पुन्हा रोवतो. शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत तो हलणार नाही. शेवटची मी आहे.

उठते. त्याच्या हाताखालून जायचं, जिन्यात उभं राहून सगळ्यांना सांगायचं. डॉक्टरांना आधी. दोन्ही दारांचं. तेव्हाचं आणि परवाचं.

पण जिन्यात पुन्हा जीभ फिरली तर. आधी इथे लिहिते, म्हणजे मागे फिरता येणार नाही. दार पाणक्याने लावलं नाही. दार आपोआप लागलं नाही. दार —